मुलांच्या नावावर काहीही खपवू नका : बालचित्रपट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र

मुलांसाठी सिनेमे बनवणारे निर्माते, ते थिएटरात लावणारे वितरक, आणि थिएटरातून उतरल्यावर ते घराघरांत पोहोचवणाऱ्या वाहिन्या, ओटीटी आणि यूट्यूब चॅनेलची मंडळी,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला उद्देशून नाही. तक्रार एकच आहे आणि ती साखळीतल्या सगळ्यांना लागू होते. हातातला बालचित्रपट फसला आहे, हे तुम्हाला प्रदर्शनाच्या किती तरी आधी कळलेलं असतं. संकलकाला कळलेलं असतं, आवाज देणाऱ्या कलाकारांना कळलेलं असतं, पहिल्या खासगी खेळाला आलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावरही ते दिसलेलं असतं. तरी तो मे महिन्याच्या सुट्टीत थिएटरात लागतो. परीक्षणं वाईट येतात, आठवड्याभरात खेळ निघतात. आणि मग त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. पूर्वी ते व्हीसीडी-डीव्हीडीवर असायचं, आता ते वाहिन्यांवर आणि मोबाइलवर असतं. मोठ्यांचा पडेल सिनेमा दोन वर्षांत कुणाच्या लक्षातही राहत नाही. मुलांचा पडेल सिनेमा वर्षानुवर्षं चालू राहतो, कारण त्याचा प्रेक्षक दर चार-पाच वर्षांनी नवा येतो. तो सिनेमा पडला होता, हे त्या नव्या प्रेक्षकाला कुणी सांगितलेलं नसतं.

मी हे अधिकाराने बोलतोय, कारण या साखळीचं अगदी शेवटचं टोक माझ्या हातात होतं. आमच्या तालुक्याच्या गावी माझी सीडी लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. पुढे पेन ड्राइव्ह आणि स्वस्त नेट आलं, तेव्हा धंदा बसला. आता त्याच गाळ्यात मोबाइलची दुरुस्ती आणि रिचार्ज चालतं. पण सिनेमाचं वेड गेलं नाही. शाळेतल्या एका शिक्षकमित्राच्या मदतीने शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही मुलांना सिनेमे दाखवतो.

लायब्ररीच्या काउंटरवर मोठ्यांच्या सिनेमाबद्दल लोक चौकशी करायचे. कसा आहे? हिरो कोण? गाणी चांगली आहेत का? मुलांच्या बाबतीत मात्र एकच वाक्य यायचं : “लहान मुलांचं काहीतरी द्या.” या “काहीतरी”वर तुमचा सगळा व्यापार उभा होता. आईवडील दुकानात घाईत असायचे, मूल कव्हर उलटसुलट करून चित्रं बघत असायचं, आणि ज्याचं कव्हर चकचकीत तीच डिस्क घरी जायची. कव्हरवरचं चित्र आणि आतला सिनेमा एकाच माणसांनी बनवलाय यावर विश्वास बसणार नाही, अशा कितीतरी डिस्क मी भाड्याने दिल्या आहेत. कव्हरवर झगझगीत त्रिमितीय सिंह, आत पुठ्ठ्यातून कापल्यासारखी हलणारी आकृती.

त्या काळाची थोडी आठवण करून देतो. ऑक्टोबर 2005 मध्ये ‘हनुमान’ आला आणि भारतात बनलेला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट थिएटरात चालू शकतो हे सगळ्यांना कळलं. मुलांनी तो मनापासून बघितला. त्याची डिस्क माझ्याकडे टिकत नसे, ओरखडे पडून बाद व्हायची आणि मला नवी आणावी लागायची. पाठोपाठ 2007 मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. गरिबाघरच्या पोरालाही सिनेमा विकत घेता यावा अशी ती किंमत होती, आणि त्याबद्दल मला आजही आदर आहे. पण या दोन गोष्टींचा एकत्र परिणाम वेगळाच झाला. पौराणिक कार्टूनला मागणी आहे, डिस्क स्वस्त झाली आहे, फळ्या भरायच्या आहेत, मग जे मिळेल ते भरा. देवाचं नाव घेतलं की पालक नाही म्हणत नाहीत, हा हिशेब कुणीतरी मांडला. दोन-तीन वर्षांत माझी मुलांची फळी तिप्पट लांब झाली आणि त्यातलं पुन्हा मागून नेण्यासारखं फारच थोडं होतं.

वाईट म्हणजे काय, तेही सांगतो, कारण “आवडनिवड प्रत्येकाची वेगळी” असं म्हणून हा विषय नेहमी संपवला जातो. पात्र चालतं तेव्हा त्याचे पाय जमिनीवर टेकत नाहीत, घसरतात. गर्दीच्या दृश्यात तीच पाच माणसं कपड्यांचे रंग बदलून फिरतात. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच सांगतो. गोष्ट अर्ध्या तासाची असते, पण लांबी भरायची म्हणून मध्ये चार गाणी घुसवतात आणि प्रत्येक गाण्यात आधीच्या दृश्यांचे तुकडे परत वापरतात. लहान मुलाच्या पात्राला चाळिशीतली बाई नाक दाबून आवाज देते. विनोद म्हणून कुणीतरी शेणात पडतं, नाही तर जाड्या मुलाची थट्टा होते. आणि शेवटी एक म्हातारा आजोबा येऊन खोटं बोलू नये, आईवडिलांचं ऐकावं, असं तोंडावर सांगून जातो. यात आवडीनिवडीचा प्रश्न कुठे आला? ही सरळसरळ कामचुकारी आहे. असंच काम मोठ्यांच्या सिनेमात केलं, तर पहिल्या दिवशी दुसऱ्या खेळाला थिएटर रिकामं होईल, हे तुम्हाला माहीत आहे.

मुलं मात्र तक्रार करत नाहीत. मूल कधी येऊन म्हणत नाही की या सिनेमाची पटकथा ढिली आहे. माझ्याकडे डिस्क परत यायची तेव्हा मी विचारायचो, “आवडला का रे?” उत्तर यायचं, “हो.” काउंटरपलीकडच्या काकांनी विचारल्यावर मूल दुसरं काय सांगणार? मग मी विचारणं सोडलं आणि डिस्क बघायला लागलो. मुलांना जो सिनेमा आवडतो, त्यातला एकच भाग ती पुनःपुन्हा लावतात. ती डिस्क झिजते. जी न आवडलेली असते ती कोरी करकरीत परत येते. दोन डिस्कचा सिनेमा असेल तर दुसरी डिस्क बऱ्याचदा उघडलेलीच नसायची. कुठल्याही परीक्षणापेक्षा मला ती न उघडलेली दुसरी डिस्क जास्त खरी वाटत आली आहे. आज तुमच्या ओटीटीच्या यंत्रात तर कुठल्या मिनिटाला मुलाने सिनेमा बंद केला हेही नोंदलं जातं. म्हणजे माझ्यापेक्षा तुम्हाला कितीतरी अधिक कळतं. तरी तोच सिनेमा पुढच्या सुट्टीत नवं चित्र लावून पहिल्या ओळीत येतो.

असं का होतं हेही मला कळतं, मी धंद्यातला माणूस आहे. सिनेमात पैसा अडकलेला असतो. तो कसाही का होईना, सोडवायचा असतो. थिएटरातलं प्रदर्शन हा पुष्कळदा उपचार असतो. “थिएटरात लागलेला सिनेमा” अशी ओळख झाली की पुढच्या हक्कांना भाव येतो. वाहिन्या एक चालणारा सिनेमा घेताना त्याच्यासोबत दहा न चालणारे पॅकेजमध्ये घेतात, आणि ते दहा दाखवायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे सकाळची किंवा सुट्टीतली मुलांची वेळ. अमेरिकेत तर याचा कळस झाला. ‘फूडफाइट!’ नावाचा ॲनिमेशनपट 2003 च्या नाताळात यायचा होता. काम रखडत गेलं, पैसा बुडाला, शेवटी 2011 मध्ये विमा कंपनीने तो लिलावात काढला. बनवायला काही कोटी डॉलर लागलेला सिनेमा पंचवीस लाख डॉलरला गेला, 2012 मध्ये ब्रिटनमध्ये मोजक्या थिएटरांत लागला आणि मग डीव्हीडीवर आला. कर्ज, विमा, लिलाव, वसुली, या सगळ्या हिशेबात तो बघणाऱ्या मुलाचा विचार कुठल्या टप्प्यावर झाला असेल? त्याच सुमारास ब्राझीलमधली एक कंपनी मोठ्या स्टुडिओच्या गाजणाऱ्या सिनेमांसारख्या दिसणाऱ्या स्वस्त नकला करून थेट डीव्हीडीवर आणत होती; 2007 मध्ये उंदीर-स्वयंपाक्याचा ‘रॅटाटूई’ हा प्रसिद्ध सिनेमा आला, त्याच वर्षी ‘रॅटाटोइंग’ नावाची नक्कल आली. आजी-आजोबांनी दुकानात चुकून तीच उचलावी, एवढंच तिचं भांडवल.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, नाही तर माझ्या म्हणण्याचा उलटा अर्थ निघेल. पडलेले बालचित्रपट घरात पोहोचूच नयेत असं मी म्हणत नाही. उलट, मुलांच्या सिनेमाला घर ही दुसरी संधी असते आणि ती मिळालीच पाहिजे. ‘द आयर्न जायंट’ 1999 मध्ये थिएटरात सपशेल पडला होता. घरी कॅसेट आणि डीव्हीडीवर बघणाऱ्यांनी तो वाचवला आणि आज तो जगभरातल्या उत्तम ॲनिमेशनपटांत धरला जातो. आपल्याकडे मे 2012 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन ॲनिमेशनपट लागले. एक टीव्हीमुळे घरोघरी पोहोचलेल्या छोटा भीमचा, दुसरा ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’. अर्जुनची चित्रकला, रंग, युद्धाची दृश्यं जाणकारांनी वाखाणली, पण तिकीटबारीवर तो चालला नाही. त्याची डीव्हीडी मी स्वतः लोकांच्या हातात कोंबायचो. नेलेली मुलं परत मागायला यायची. म्हणजे गल्ला आणि दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या. आणि मोठ्यांची पसंती ही तिसरीच.

या तिसऱ्या गोष्टीचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘मकडी’चं आहे. विशाल भारद्वाज यांनी आपला हा पहिला सिनेमा सरकारच्या बाल चित्र समितीसाठी केला होता. मुलांसाठी सिनेमे बनवायला जन्माला आलेल्या त्या संस्थेला तो पसंत पडला नाही. शेवटी भारद्वाज यांनी पैसे उभे करून तो परत घेतला आणि 2002 मध्ये स्वतः प्रदर्शित केला. पुढे काय झालं ते आमच्या पिढीच्या कुठल्याही लायब्ररीवाल्याला विचारा. शबाना आझमींची चेटकीण बघून घाबरायचं आणि परत तेच बघायचं, यासाठी पोरं रांग लावायची. त्यात मुख्य भूमिका करणाऱ्या श्वेता बासू प्रसादला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समितीतल्या जाणत्या मंडळींना जे कळलं नाही ते आमच्या गल्लीतल्या तिसरीच्या पोरांना कळलं होतं.

म्हणून माझं सगळं मागणं एका वाक्यात मावतं : बालचित्रपट बाहेर काढण्याआधी तो मुलांना दाखवा, आणि त्यांनी नाकारला तर तो दुरुस्त करा, नाही तर बाजूला ठेवा.

यात नवं काही नाही. ब्रिटनमध्ये 1951 साली मुलांच्या सिनेमांसाठी चिल्ड्रन्स फिल्म फाउंडेशन नावाची संस्था निघाली. शनिवारी सकाळी थिएटरांत मुलांसाठी खेळ असायचे, त्यांना लागणारे सिनेमे ही संस्था बनवायची. तिची सूत्रं सांभाळणाऱ्या मेरी फील्ड या बाई अंधाऱ्या थिएटरात इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बसलेल्या मुलांचे फोटो काढायच्या. कुठल्या दृश्याला मुलं पुढे झुकली, कुठे ती एकमेकांकडे बघायला लागली, कुठे घाबरली, हे त्या फोटोंवरून ताडायच्या. सत्तर वर्षांपूर्वी! आणि ते सिनेमे साधारण तासाभराचेच असत, कारण लहान मूल तेवढंच बसतं. आपल्याकडे मुलांच्या सिनेमाला दोन तास आणि मध्यंतर कशासाठी लागतं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पॉपकॉर्न सोडून.

इटलीत गिफोनीला मुलांच्या सिनेमांचा महोत्सव भरतो, तिथे परीक्षक मुलंच असतात. बर्लिनच्या महोत्सवातही मुलांच्या विभागाला मुलांचंच परीक्षक मंडळ असतं, अकरा ते चौदा वयाच्या अकरा मुलांचं. 2014 मध्ये त्या मंडळाने आपल्या अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. कोकणातला पाऊस, बदलीच्या गावी आलेला एकटा मुलगा, वडील नसल्याचं दुःख. ना मारामारी, ना शेणात पडणं. भाषा न कळणाऱ्या मुलांनी तो बघितला आणि निवडला. मुलांना फक्त दंगामस्ती लागते म्हणणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने या निकालाचा विचार करावा. त्या मुलांना जमलं ते आपल्या मुलांना जमणार नाही, असं मानायला काय आधार आहे? आमच्या शाळेत आम्ही ‘किल्ला’ दाखवला तेव्हा सहावी-सातवीची मुलं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत.

हलणं हीच माझी मोजपट्टी आहे. सिनेमा चालू असताना मी पडद्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून बसतो. सिनेमा पकड घेत नसला की आधी मागच्या रांगेतली डोकी हलायला लागतात. मग कुणीतरी पुढच्याच्या कॉलरमध्ये खडूचा तुकडा टाकतं. मग हात वर होतात : “सर, पाणी प्यायला जाऊ?” एक गेला की सहा जातात आणि परत यायची कुणाला घाई नसते. सिनेमा रंगला असला की खिशातल्या शेंगदाण्यांकडे गेलेला हात तिथेच राहतो. ‘एलिझाबेथ एकादशी’तली ती दोन भावंडं पंढरपुरात वारीच्या गर्दीत दुकान लावतात, तेव्हा आमच्या मुलांपैकी कुणीही पाणी प्यायला गेलं नाही. हा हिशेब ठेवायला कुठलीही एजन्सी लागत नाही. एक वर्ग, एक प्रोजेक्टर आणि मुलांकडे बघायची तयारी असली की झालं.

आणि चांगले सिनेमे नाहीत म्हणून वाईट दाखवावे लागतात, ही सबब तर महाराष्ट्रात कुणी सांगूच नये. गेल्या दहा-अकरा वर्षांत उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुनःपुन्हा मराठीकडे आला. ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘म्होरक्या’, ‘सुमी’, आणि 2025 मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत ‘नाळ 2’. यातला ‘म्होरक्या’ घ्या. मेंढरं राखणारा पोरगा, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सगळ्यांच्या पुढे चालायचं त्याचं स्वप्न. आमच्या भागातल्या मुलांना स्वतःचं वाटावं असं सगळं त्यात आहे. पुरस्कार एप्रिल 2018 मध्ये जाहीर झाला आणि सिनेमा थिएटरात आला फेब्रुवारी 2020 मध्ये. पुढच्या महिन्यात करोनामुळे थिएटरंच बंद झाली. देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम बालचित्रपट ठरलेल्या सिनेमाला पडद्यावर यायला जवळजवळ दोन वर्षं लागतात, आणि परदेशातून वजनावर विकत घेतलेला, कसाबसा डब केलेला ॲनिमेशनपट सुट्टी लागायच्या आत पोस्टरसकट हजर असतो. हे कसं घडतं? कारण दुसऱ्याचे हक्क स्वस्तात मिळतात आणि त्याच्यामागे जाहिरातीचं गणित तयार असतं. पहिल्यामागे एक थकलेला दिग्दर्शक आणि कर्जबाजारी निर्माता असतो.

वितरकांना इथे माझं थेट सांगणं आहे. मराठी बालचित्रपटाला तुम्ही एका आठवड्यात, सकाळच्या शाळेच्या वेळेला खेळ देता आणि मग प्रेक्षक आले नाहीत म्हणता. मुलं एकटी थिएटरात येत नाहीत. त्यांना आणणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला सुट्टी लागते. मुलांच्या सिनेमाला एका आठवड्याचे वीस खेळ नकोत. दर शनिवार-रविवारी एक, असे तीन महिने द्या. शाळांना आधी कळवा. ‘नाळ’ चालला तो काय मुलांना मराठी सिनेमा नको असतो म्हणून?

आता सरकारी दालनाबद्दल. बाल चित्र समिती 1955 मध्ये सुरू झाली. केदार शर्मा यांनी तिच्यासाठी केलेल्या ‘जलदीप’ला 1957 मध्ये व्हेनिसला उत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला. सई परांजपे दोनदा तिच्या अध्यक्ष होत्या; ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ त्यांनी या समितीसाठीच केले. श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’, संतोष सिवन यांचा ‘हॅलो’, शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’, अशा अडीचशेच्या घरातल्या सिनेमांचा हा ठेवा आहे. करदात्यांच्या पैशांतून मुलांसाठी बनलेला. आणि माझ्या लायब्ररीच्या सगळ्या काळात त्यातले किती सिनेमे माझ्या फळीवर होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वितरकाकडे मागितले तर “ते येत नाहीत” एवढंच उत्तर. त्याच वेळी नकली सिंहाच्या डिस्कची पेटी न मागता दुकानात येऊन पडायची. 2022 मध्ये ही समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. महामंडळाला माझी विनंती आहे की हा ठेवा वयानुसार लावून, मराठीसकट सगळ्या भाषांच्या आवाजात, मुलांपर्यंत पोहोचवा. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे ओटीटी सुरू केलं. म्हणजे दुकान सरकारचंच आहे आणि मालही सरकारचाच. शाळेत विद्यार्थ्यांपुरता सिनेमा दाखवायला कॉपीराइटचा कायदा आड येत नाही. आड येतं ते एवढंच की रीतसर प्रत कुठून आणायची हे कुणाला माहीत नाही. डिस्क निघायच्या बंद झाल्या, ओटीटीचं खातं घरगुती वापराचं असतं, आणि आमच्या शाळेच्या नेटवर सिनेमा चार वेळा अडकतो. शाळांना पत्र पाठवून प्रत मागवता येईल अशी एक साधी सोय करा. पैसे घ्या हवं तर.

पालकांना एक सवय झाली आहे, तिचाही फायदा तुम्ही घेता. पोस्टरवर “यू” प्रमाणपत्र दिसलं की सिनेमा मुलांसाठी चांगला असं ते समजतात. 2024 च्या नव्या नियमांनी यूएमध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या सिनेमांच्या वर्गात, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पेही आले, ते बरंच झालं. पण हे प्रमाणपत्र एवढंच सांगतं की या सिनेमात मुलाला अपाय होईल असं काही नाही. मुलाचे दोन तास सत्कारणी लागतील, असं ते सांगत नाही आणि तसं सांगणं सेन्सॉर बोर्डाचं कामही नाही. ते काम तुमचं आहे. जाहिरातीत “संपूर्ण कुटुंबासाठी” असं छापायच्या आधी संपूर्ण कुटुंबातल्या सर्वांत लहान माणसाला तो दाखवलाय का, एवढं तरी छापा.

पैशांचं रडगाणं मला समजतं, पण पूर्ण पटत नाही. डेन्मार्कमध्ये 1982 पासून कायद्यानेच सिनेमाच्या सरकारी मदतीचा चौथा हिस्सा मुलांच्या आणि किशोरांच्या सिनेमांसाठी राखलेला आहे. आपल्या राज्य सरकारकडेही अशी मागणी करायला हवी आणि ती तुम्ही एकत्र येऊन करायला हवी. मी सही करायला पहिला येईन. तोवर जेवढे पैसे आहेत तेवढ्यात तासाभराचा सिनेमा करा. चार गाणी काढा. त्या पैशात पात्रांचे पाय जमिनीवर टेकवा. लहान मुलाच्या पात्राला लहान मुलाचाच आवाज द्या, मराठी रंगभूमीवर आणि शाळांच्या नाट्यस्पर्धांत खणखणीत आवाजाची मुलं शेकड्याने आहेत. आणि वाहिन्यांनो, पॅकेजमधले ते दहा सिनेमे घ्यावेच लागत असतील तर घ्या, पण दाखवायची सक्ती नाही ना? त्यांच्या जागी महिन्यातून एकदा ‘किल्ला’, ‘टिंग्या’, ‘एलिझाबेथ एकादशी’ परत लावा. मुलं तोच सिनेमा दहादा बघतात, तुम्हाला पुनःप्रक्षेपणाची भीती कशाला?

तुमच्यापैकी ज्यांचा पुढचा बालचित्रपट सध्या कच्च्या संकलनात असेल त्यांना उघड आमंत्रण देतो. आमच्यासारख्या शाळा प्रत्येक तालुक्यात आहेत, तुमच्या जवळची कुठलीही निवडा. आमच्याकडे आलात तर आनंदच आहे. शनिवारी शाळा अकराला सुटते, साडेअकरापासून मोठा वर्ग मोकळा असतो, खिडक्यांना काळं कापड आम्ही लावून ठेवतो. संगीत बाकी असलं, रंग बाकी असले तरी चालेल, मुलं समजून घेतात. प्रत पेन ड्राइव्हवर आणली तरी पुरे. फक्त सोबत दिग्दर्शक आणि संकलक दोघांनी यावं आणि पूर्ण वेळ मुलांकडे तोंड करून बसावं. कुठल्या मिनिटाला किती जण पाणी प्यायला गेले, याची वही मी ठेवीन आणि जाताना तुमच्या हातात देईन.

आपला,
एक जुना सीडी लायब्ररीवाला